मलबार हिलवरचा खून: अर्ध्यात अडकलेय, पुढे वाचू का?

गोदाकाठची
सुजाता मॅसींचं ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ कोणी वाचलंय का? भाचीने दिलं. १९२१ची मुंबई, परवीन मिस्त्री ही पारशी वकीलबाई, आणि मलबार हिलच्या बंगल्यात पडद्यात राहणाऱ्या तीन विधवा. गिरणीमालक नवरा नुकताच गेलाय. तिघींनी आपला मेहेर (निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेला पैसा) वक्फला, म्हणजे धर्मादाय ट्रस्टला, द्यायचं पत्र सही करून धाडलंय आणि त्यातल्या दोन सह्या एकाच हातच्या वाटतात. इथवर मी कुकर बंद करायलासुद्धा उठले नाही. पुरुष पोलीस जनान्यात जाऊ शकत नाही, परवीन जाऊ शकते, ही तर फारच झकास सोय.

पण तपास रंगात आला की बाई आपल्याला उचलून १९१६मध्ये नेतात. परवीनचं प्रेम, लग्न, कलकत्त्याचं सासर. ते वाईट नाही हो. पाळीत सुनेला वेगळं बसवायची ती खोली वाचून अंगावर काटा आला. पण इकडे मुंबईत मुडदा पडलाय, त्याचं काय?

शिवाय समजावणं फार. परदेशी वाचकासाठी असेल, पण आपल्याला रोजच्या जेवणाखाण्याची फोड कशाला? गिरणीचा पैसा दिसतो, गिरणगाव फारसं दिसत नाही. लोकमान्य जाऊन जेमतेम सहा महिने झालेत, अंत्यसंस्कार त्याच टेकडीखालच्या चौपाटीवर झाले. ती धग मला तरी पानांत जाणवली नाही.

पुढे वाचू का? खुनी सांगू नका.

फोर्टातला बाबू
वाचा. सॉलिसिटरच्या ऑफिसात जन्म गेला माझा, म्हणून मला ती कागदपत्रंच जास्त आवडली. परवीन कोर्टात उभी न राहता वडिलांच्या फर्ममध्ये दस्तऐवज करते, ते काळाला धरून आहे. बायकांना वकिलीची दारं उघडणारा कायदा १९२३चा, मिठान टाटा मुंबई हायकोर्टात वकील म्हणून आल्या १९२४ला. फर्म ज्या ब्रूस स्ट्रीटवर दाखवलीय तो आजचा होमी मोदी स्ट्रीट, बॉम्बे हाऊसचा रस्ता.

आणि कलकत्ता उगाच नाही. (पुढे थोडं फुटेल.) तेव्हा पारशांना १८६५चा विवाह कायदा होता. नवरा वेश्येकडे गेला, तर नुसतं तेवढं कारण बायकोला घटस्फोटाला पुरत नसे. कायद्यात तसं चक्क लिहिलेलं. हे ठाऊक असलं की परवीनची कोंडी कळते आणि त्या तिघींच्या मेहेरासाठी ती एवढी का भांडते तेही. कायदा बदलला थेट १९३६ला.

उंदीरमामा
बाबूसाहेब, कायदा छान, पण रहस्यकथा म्हणून पातळच आहे. बंगल्यात माणसं किती, संशयित किती! मी निम्म्यात ओळखला. शेवटी धावपळ उरकल्यासारखी वाटते. ताई, खुनासाठी वाचत असाल तर ठेवून द्या.

गोदाकाठची
बाबूसाहेब, त्या १८६५च्या कलमाने माझं निम्मं मत फिरवलंत. निम्मंच! लांबण आहे ती आहेच.

परवीनच्या पात्रामागे खऱ्या वकील कॉर्नेलिया सोराबजी आहेत ना? त्यांचा जन्म आमच्या नाशिकचा, १८६६चा. ऑक्सफर्डला कायदा शिकल्या आणि पुढे बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी (अज्ञान वारस, विधवा यांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) पडदानशीन बायकांचं काम पाहिलं. मॅसींनी ते काम मलबार हिलवर आणलंय आणि ते मला पटलं. उंदीरमामा, खुनी ओळखला तरी चालेल, सह्यांचं कोडं सुटलं पाहिजे.

आता असं करते, १९१६ची सगळी प्रकरणं आधी सलग उरकते, मग मुंबई.

फोर्टातला बाबू
तसं नका करू! पहिल्याच प्रकरणात ऑफिसबाहेर घुटमळणारा तो बंगाली माणूस आठवतोय ना? त्याची सगळी मजा जाईल.