मदत हवी आहे: उताऱ्यावरचे प्रश्न सारखे चुकतायत, परीक्षा तोंडावर आलीय

तासगावची_आई
नमस्कार, कुणीतरी लवकर सांगा. मुलीचे उताऱ्याचे प्रश्न चुकतायत. गणित चांगलंय, बुद्धिमत्ता तर कधीकधी पैकीच्या पैकी, पण उतारे आले की २० पैकी दहा नाहीतर अकरा. वाचता येत नाही असं नाही हो, घडाघडा वाचते, गोष्टीची पुस्तकं दोन दिवसांत संपवते. तीन महिने रोज दोन उतारे सोडवून घेतेय तरी गाडी तिथंच. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणाले अजून सराव घ्या. किती घ्यायचा? या परीक्षेला परत बसता येत नाही, माझी झोप उडालीय. काय ट्रिक असेल ती सांगा.

पेपर_दोन
सीसॅट ना, एमपीएससी राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर? सरळ उपाय सांगतो. आधी प्रश्न वाचायचे मग उतारा. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असले शब्द असलेला पर्याय बहुतेक वेळा उडवायचा. ठोकताळे मारायचे नाहीत, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांच्या पाव हिश्शानं कापतात. २०० पैकी ६६ पडले की पात्र, एवढं टेन्शन घेऊ नका.

कृष्णाकाठ
पेपर दोन, त्या मुलीबद्दल विचारतायत आणि गोष्टीची पुस्तकं म्हणतायत, सीसॅट कुठनं आणली? ताई, कितवीला आहे ते सांगा. स्कॉलरशिप का नवोदय का सैनिक स्कूल? माध्यम कुठलं? घड्याळ लावून सोडवते का निवांत? आणि मुख्य म्हणजे चुकतं काय ते बघितलंय का, का नुसते मार्क मोजताय?

खडू_फळा
मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. माझं स्पष्ट मत, मुलं मोठ्याने वाचत नाहीत म्हणून हे होतं. रोज अर्धा तास प्रकट वाचन घ्या, विरामचिन्हं पाळून. आपोआप अर्थ कळायला लागतो. ट्रिकनं भाषा येत नाही.

मिरज_जंक्शन
गुरुजी आदर आहे पण परीक्षेच्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचलं तर बाहेर काढतील. त्यांच्याकडं वेळ किती उरलाय ते तरी विचारा आधी.

तासगावची_आई
सॉरी, लिहायचं राहिलं. पाचवी, मराठी माध्यम, नवोदय, पलूसच्या निवासी शाळेसाठी. घड्याळ लावूनच सोडवते, वेळ पुरतो, उलट पाच मिनिटं उरतात.

मिरज_जंक्शन
मग ती पाच मिनिटं हाच प्रॉब्लेम आहे. भाषेला ४ उतारे, प्रत्येकावर ५ प्रश्न, अर्धा तास. म्हणजे उताऱ्याला सात मिनिटं धरली तरी दोन उरतात. ती पाच उरवते म्हणजे परत उताऱ्याकडं बघतच नाही. माझा थोरला असाच होता, एकदा वाचायचा आणि आठवणीवर गोल करायचा. आणि एका प्रश्नाला सव्वा मार्क आहे, नऊ चुकले की सव्वाअकरा गेले. जागा ८० असतात, तिथं एवढे मार्क फार झाले. नवोदयला मार्क कापत नाहीत, त्यामुळं रिकामं काही सोडायचं नाही, पेपर दोनचं ऐकू नका.

पेपर_दोन
नवोदयला कापतात असं मी कुठं म्हटलं नाही, मी माझ्या परीक्षेचं सांगितलं. पण प्रश्न आधी वाचायचे हे सगळीकडं चालतं.

मिरज_जंक्शन
दहा वर्षाच्या पोराला नाही चालत. पाच प्रश्न आणि वीस पर्याय डोक्यात घेऊन उतारा वाचायला लावलं की ते शब्द शोधत बसतं, उतारा वाचतच नाही. आधी उतारा पूर्ण, मग प्रश्न, मग प्रत्येक प्रश्नाला परत उताऱ्यात.

वाईकर
मुलगी पास झाली तर तिथं हॉस्टेलला राहील का एवढी लहान? आमच्या भावाच्या मुलीला दोन महिन्यांत परत आणायची वेळ आली होती. सैनिक स्कूलचा पण फॉर्म भरला असता तर बरं, साताऱ्यातलं आहे, १९६१ चं.

कृष्णाकाठ
वाईकर, तो विषय वेगळा आहे, नवीन धागा काढा. ताई, एक चुकलेला प्रश्न जसाच्या तसा टाका. बाकी सगळे अंधारात बोलतायत, मी पण.

तासगावची_आई
कालचाच टाकते. उतारा बेदाण्यावर होता. त्यात वाक्य होतं, ‘सावलीत जाळीवर वाळवल्यामुळे बेदाण्याचा हिरवा रंग टिकून राहतो.’ प्रश्न, उताऱ्यानुसार बेदाण्याचा रंग कशामुळे टिकतो? पर्याय, अ उन्हात वाळवल्यामुळे, ब सावलीत वाळवल्यामुळे, क औषधाच्या पाण्यात बुडवल्यामुळे, ड पाण्याने धुतल्यामुळे. तिनं क केलं. विचारलं का, तर म्हणाली आजोबा बुडवतात की. आमचं बेदाण्याचं शेड आहे.

शेडवाला
पोरगी बरोबर हाय की. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवल्याबिगार सालीवरचा मेणाचा थर जात न्हाई, थर गेल्याबिगार आतलं पाणी सुटत न्हाई, आणि वाळायला येळ लागला की माल काळा पडतोय. प्रश्न काढणाऱ्यानं शेड बघितलं न्हाई.

खडू_फळा
पण सावली नसली तर बुडवून काय उपयोग? उन्हात तपकिरीच होणार.

शेडवाला
सावली पायजेच, न्हाई कोण म्हणतंय. पण नुसत्या सावलीनं होतंय व्हय?

कृष्णाकाठ
दादा, शेडवर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण प्रश्नात ‘उताऱ्यानुसार’ आहे. ताई, सापडलं बघा. तिला वाचता येतंय, समजतंय पण, उलट तिला उताऱ्यापेक्षा जास्त माहितीय आणि ती तेच लिहिते. याच्यावर अजून दोनशे उतारे घेतले तरी मार्क वाढणार नाहीत कारण तुम्ही दर वेळी बरोबर उत्तर सांगता आणि ती मनात म्हणते की आजोबा तर असं करत नाहीत. आजपासून उत्तर विचारू नका. ‘कुठल्या ओळीत आहे’ एवढंच विचारा. बोट ठेवलं तरच गोल करायचा. ओळ सापडत नसेल आणि तरी उत्तर खात्रीनं येत असेल तर ते घरचं उत्तर आहे, तिथंच थांबायचं. आणि मागच्या पंधरा दिवसांतले चुकलेले काढून बघा, घरचं म्हणून किती, शब्दाच्या अर्थाचे किती, शीर्षकाचे किती.

तासगावची_आई
रात्री बसून काढले. ४३ चुकलेले सापडले. २१ अगदी असेच, म्हणजे खरं आहे पण उताऱ्यात नाही. एकात तर पाऊस उशिरा आला असं लिहिलेलं आणि हिनं अवकाळी केलंय. मी इतके दिवस आळशी म्हणून ओरडत होते तिला, फार वाईट वाटलं. १२ शब्दाचे. एका उताऱ्यात शिंपी सांगतो की ‘कापड बेतताना थोडी माया ठेवावी’, मायाचा अर्थ विचारलाय, हिनं प्रेम केलं.

मिरज_जंक्शन
शब्दाला सोपं आहे. चारही पर्याय एकेक करून त्याच वाक्यात घालून वाचायला लावा. कापड बेतताना थोडं प्रेम ठेवावं, पोर स्वतःच हसेल. जादा कापड घातलं की बसतं. अर्थ पाठ नसला तरी चालतं.

खडू_फळा
हे मान्य. आम्ही वर्गात असंच घ्यायचो. प्रकट वाचनाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही.

तासगावची_आई
चार दिवस बोट ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी वैतागली, वेळ पण पुरला नाही, चौथा उतारा तसाच राहिला. काल अर्ध्या तासात चारही झाले, २० पैकी १५. चुकलेल्या पाचात तीन शीर्षकाचे. तिथं बोट कुठं ठेवणार? ओळच नसते.

कृष्णाकाठ
शीर्षकाला पर्याय हातानं झाकायचे आणि उतारा एका वाक्यात सांगायला लावायचा. मग पर्याय उघडायचे. जो पर्याय एकाच परिच्छेदाबद्दल बोलतो तो छोटा, आणि ज्याच्याखाली दुसरा कुठलाही उतारा बसेल तो मोठा. मधला घ्यायचा. बेदाण्याच्याच उताऱ्यावर करून बघा, तो तिला पाठ असेल आता.

तासगावची_आई
आत्ता विचारलं. शीर्षक दिलं ‘आमचं शेड’.

कृष्णाकाठ
ओरडू नका. ‘आमचं’ कुठल्या ओळीत आहे ते दाखव म्हणा.