मदत हवी आहे: एकटीने तंबूत रात्र काढायची आहे, पण दीड वाजता धीर सुटतो

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, "जाऊच नकोस" हा सल्ला घरून फुकट मिळालेला आहे. आईकडून, सासूबाईंकडून, सोसायटीच्या वॉचमनकाकांकडूनसुद्धा. तो सोडून काहीही सांगा.

वय ४१, राहणार पुणे. चौदा-पंधरा वर्षं सह्याद्रीत फिरते आहे. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपले आहे, राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपले आहे. पण सगळं ग्रुपबरोबर. दहा-बारा जण असले की अंधाराकडे लक्षच जात नाही, कोण घोरतंय यावरून भांडणं चालतात.

मागच्या फेब्रुवारीत ठरवून एकटी गेले. भोरजवळचं रायरेश्वर निवडलं, कारण वर चढायच्या शिडीच्या बरंच जवळ गाडी जाते, वर पठार ऐसपैस आहे आणि मुख्य म्हणजे वर जंगम मंडळींची घरं आहेत. अगदीच निर्मनुष्य नाही. घरांपासून पंधरा-वीस मिनिटं चालून तंबू लावला. खिचडी छान झाली, सूर्यास्त छान झाला, फोटो काढले. नऊला आत शिरून चेन लावली आणि तिथून पुढे सगळं बिघडलं.

वाऱ्याने तंबूचं कापड फडफडलं की कोणीतरी हात फिरवतंय असं वाटायचं. साडेअकरापर्यंत तेच. मग डोळा लागला असावा, कारण जाग आली ती "फुर्रर्र" अशा श्वासाने. माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर. मग गवत उपटल्याचा कर्रकर्र आवाज. हातात भाजी चिरायचा चाकू घेऊन बसले होते, टॉर्च बंद. तेवढ्यात तंबूची दोरी कशात तरी अडकली आणि अख्खा तंबू एका बाजूला हिसडला. मी किंचाळलेसुद्धा नाही, आवाजच फुटला नाही. ते जे काही होतं ते धाडधाड पळालं.

पुढची दहा मिनिटं आठवत नाहीत. पाठपिशवी उचलली, तंबू तसाच सोडला आणि टॉर्च घेऊन घरांच्या दिशेने निघाले. दोनदा वाट चुकले. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण आजीने सांगितलेला चकवा नेमका तेव्हा आठवला. शेवटी देवळाच्या पायरीवर भिंतीला टेकून उजाडायची वाट पाहिली. सकाळी एक जंगम आजोबा आले. सगळं ऐकून म्हणाले, "आमचा खोंड असंल. रातीला दावं तोडून गेलता." तंबूपाशी जाऊन बघते तर एक खुंटी उपटलेली आणि शेजारी ताजं शेण. आजोबा हसले नाहीत, चहा दिला. हसले असते तर बरं झालं असतं.

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पुन्हा जायचंय. जे एकटे राहतात त्यांनी सांगा, ही भीती सवयीने जाते का? आवाज ओळखायला कसे शिकलात? आणि जनावरांपेक्षा माणसांची भीती वाटते, तिचं काय करता?

आडवाट

ताई, वय ६३, त्यातली तीसेक वर्षं एकट्याने हिंडण्यात गेली आहेत. तुमचं वाचून एकाच ठिकाणी काळजात धस्स झालं, आणि ते खोंड आला तिथे नाही. तुम्ही रात्री दीडला पठारावरून चालत निघालात तिथे. रायरेश्वराला चोहोबाजूंनी कडे आहेत. दोनदा वाट चुकलात म्हणता. खोंडाने फार तर दोरी तोडली असती.

म्हणून माझा एक नियम आहे, तो उजेड असतानाच ठरवून टाकायचा: एकदा आत शिरलं की उजाडेपर्यंत मुक्काम हलवायचा नाही. लघवीला जायचं तेवढं जवळच. दुखापत, आग किंवा तंबूच वाऱ्याने गेला तर गोष्ट वेगळी. नुसती भीती वाटली तर बसून भ्यायचं, पण आतच. रात्री दीडला आपलं डोकं निर्णय घ्यायच्या लायकीचं नसतं.

दुसरं म्हणजे तुम्ही एकदम मोठी उडी मारलीत. मी शाळेतल्या मुलांना न्यायचो तेव्हा आधी गच्चीवर तंबू, मग कोणाच्या तरी शेतावर, मग वाडीत एखाद्याच्या अंगणात. राजमाचीला उधेवाडीत लोक अंगणात तंबू लावू देतात, जेवायलाही घालतात. घरातल्यांची खोकण्याची उबळ ऐकू येईल इतक्या अंतरावर पहिली रात्र. पुढच्या वेळी बांधापलीकडे. तसंच वाढवत न्यायचं. मोठ्या माणसांना याची लाज वाटते आणि तिथेच घोडं पेंड खातं.

आणि मुक्कामावर चारला पोचा. तंबू लावला की त्याभोवती शंभर पावलांचा एक फेरा मारा. कुठलं झुडूप कुठे आहे, कुठला दगड बसलेल्या माणसासारखा दिसतो, गुरांची वाट कुठून जाते. शेण दिसलं तर तिथून तंबू हलवा, त्या खोंडाची ती रोजची जागा असणार. रात्री टॉर्च मारली की तेच झुडूप ओळखीचं निघतं.

पाचोळा

आवाजांबद्दल मी सांगतो, कारण माझी भीती आवाजांच्याच वाटेने गेली.

फरशीवर गोटी टाकली की टक... टक.. टकटकटक करत थांबते, तसा आवाज आला तर तो रातवा. जमिनीवर बसणारा पक्षी, मूठभर जीव. घसा बसलेल्या कुत्र्यासारखं एकेक भुंकणं दरीतून आलं तर बहुधा भेकर, म्हणजे छोटं हरीण. पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, भांडतात तेव्हा घरात जावा-जावांचं वाजल्यासारखं वाटतं. टिटवी रात्री ओरडली की काहीतरी अशुभ, असं आपल्याकडे म्हणतात. खरं तर तिच्या अंड्यांजवळून कुत्रा गेला तरी ती ओरडते. मे-जूनमध्ये गेलात तर पावशा पक्षी रात्रीसुद्धा झोपू देणार नाही.

सगळ्यात फसवा आवाज पाचोळ्याचा. फेब्रुवारीत पानं इतकी वाळलेली असतात की उंदीर गेला तरी माणूस चालल्यासारखं वाटतं. माणसाच्या पावलांना ठेका असतो, उंदीर पळतो-थांबतो-पळतो. हे एकदा कानात बसलं की निम्मी रात्र सुटते.

आणि कापडाची फडफड हा तर दोरी सैल असल्याचा आवाज आहे. दोऱ्या झोपायच्या आधी परत ताणा, दवाने कापड ओलं झालं की ते ढिलं पडतं. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे रात्री तुम्हीच त्यात अडकून पडणार नाही.

नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही याला घाबरटपणा म्हणू नका. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं होतं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा जागा राहतो, बारीक आवाजालाही दाद देतो. तेव्हा शक्य असेल तर एकाच जागी दोन रात्री राहा. दुसरी रात्र बघा कशी जाते.

सुतळी

जनावरांचं सांगतो. रात्रीचा खरा विचार करायचा तो मण्यारचा. रात्री फिरतो, अंथरुणात शिरतो आणि चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पण तो त्रास उघड्यावर जमिनीवर झोपणाऱ्यांना. तळ शिवलेला तंबू आणि पूर्ण लावलेली चेन, झालं काम. चेन दोन बोटंसुद्धा उघडी ठेवू नका. भोवती मीठ टाकणं, रॉकेल शिंपडणं, काथ्याची दोरी गुंडाळणं यातलं काहीही सापाला अडवत नाही.

बूट आत घ्या. सकाळी उलटे करून आपटून मगच पाय घाला. विंचवाची धास्ती असेल तर छोटी यूव्ही टॉर्च घ्या, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. झोपायच्या आधी आजूबाजूचे दगड बघून घेतले की मन शांत. कोकणात लाल विंचवाने पूर्वी माणसं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन हे औषध वापरून ते चित्र बदललं, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोचावं लागतं. साप चावला तरी तेच: कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हालचाल कमी, १०८ ला फोन. म्हणून तंबू अशा जागी लावा जिथे एक तरी काडी रेंज येते.

बिबट्या: जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात उघड्यावर झोपू नका आणि अंधारात वाकून बसू नका. बाकी ठिकाणी अन्नाचा वास पसरवू नका, उरलेलं जेवण तंबूत ठेवू नका. तंबूत शेंगदाणे ठेवलेत तर बिबट्याच्या आधी उंदीर येईल, तो कापडही कुरतडेल.

गावठी_इंजिनिअर

एवढं कशाला? मस्त शेकोटी पेटवायची रात्रभर. भीतीही पळते, जनावरंही.

आडवाट

कृपा करून नको. फेब्रुवारी ते मे डोंगर म्हणजे नुसती काडेपेटी असते. वणवे असेच लागतात आणि मग दोन डोंगरांवरचा चारा जातो. शिवाय शेकोटीजवळ बसलं की उजेडाबाहेरचं काहीच दिसत नाही, भीती उलट वाढते. टॉर्च विझवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर बसून बघा, चांदण्यातसुद्धा पायवाट दिसायला लागते.

निवांत_५५

राग मानू नका, पण एकट्या बाईमाणसाने हे करायची गरजच काय? काही झालं तर घरचे जन्मभर रडतील.

(धागाकर्ती)

काका, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. वॉचमनकाका आणि तुमची ओळख करून देते.

गवती_चहा

माणसांच्या भीतीबद्दल मी लिहिते, कारण सात वर्षं तंबूत एकटी मुक्काम करते आहे आणि ती भीती माझी गेलेली नाही. जाऊही नये. जनावराची भीती कमी करायची असते, माणसाची नीट वापरायची असते.

रस्त्याच्या कडेला, गाडी पोचते अशा जागी आणि शनिवारी धरणाकाठी मी कधीच तंबू लावत नाही. पिऊन आलेली टोळकी तिथेच येतात. चढायला तासभर लागतो अशा जागी रात्री कोणी मुद्दाम येत नाही. गावात शिरल्यावर आधी एखाद्या घरी बाईमाणसाशी बोलते, चहा घेते, जेवण तिथूनच सांगते. पोलीस पाटलाचं घर विचारून नाव, गाडीचा नंबर आणि उद्या किती वाजता उतरणार ते सांगून ठेवते. यात दोन गोष्टी होतात: कोणाला तरी माझा हिशेब ठाऊक असतो, आणि गावाला कळतं की ही कोणाची तरी पाहुणी आहे. वाटेत भेटलेल्याने "एकट्याच का?" विचारलं तर "मागून येताहेत". खोटं बोलायची लाज बाळगायची नाही. फोटो घरी आल्यावर टाकायचे.

आणि हो, तंबूबाहेर नवऱ्याचे जुने, मोठे बूट ठेवते. सुतळी म्हणतात ते बरोबर आहे, आपले बूट आतच. पण हे नुसते दाखवायचे.

परतीची वेळ घरी सांगताना "अकराला फोन आला नाही तर अमुक माणसाला फोन करा" असं लिहूनच देते. नुसतं "काळजी करू नका" म्हटलं की घरचे नऊपासून काळजी करतात.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

पहिली रात्र गच्चीवर. हसू नका, तिथेही दोनला जागी झाले, लिफ्टच्या मोटरने. दुसरी मावसभावाच्या शेतावर, विहिरीपाशी. परवा उधेवाडीत एका घराच्या अंगणात. वहिनींनी पिठलं-भाकरी दिली आणि "भ्या वाटलं तर हाळी द्या" म्हणाल्या. अकराच्या सुमारास पाचोळ्यात पावलं वाजली. पळतं-थांबतं-पळतं. उंदीर, असं मोठ्याने म्हटलं. छाती धडधडत होतीच, पण चाकू घेतला नाही. मग बराच वेळ रातव्याची गोटी ऐकत पडले आणि पुढचं आठवतं ते कोंबड्याचं आरवणं.

भीती गेली असं म्हणणार नाही. पुढच्या अमावास्येला बांधापलीकडे जाते आहे, मग बघू.

गवती_चहा, एक अडचण झाली. तुमचं ऐकून बाहेर नवऱ्याचे बूट ठेवले होते. सकाळी एकच होता. दुसरा वाडीतल्या कुत्र्याने नेला. वहिनी आणि त्यांच्या मुलाने सगळी खाचरं धुंडाळली, नाही मिळाला. आणि ते जुने नव्हते, मी अंधारात कपाटातून चुकीचा जोड उचलला होता. घरी अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.