मदत हवी आहे: एल-ई-ए-डी, लीड म्हणायचं की लेड?

नमस्कार मंडळी. लातूरकडं माझं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टर-इन्व्हर्टरच्या नव्या विकायच्या, जुन्या भंगारात घ्यायच्या. इंग्रजी जेमतेम.

परवा दहावीतली पोरगी दुकानात बसून विज्ञान मोठ्यानं वाचायली होती. 'लीड नायट्रेट' म्हणली. मी सहज म्हणलं, "बाई, लेड म्हण. आपल्या बॅटरीवर लेड-अ‍ॅसिड लिहितेत ते हेच." तर म्हणली, "पप्पा, स्पेलिंग बघा की. मॉनिटर वर्गाला लीड करतो, तेच हाय. सरबी लीडच म्हणतेत."

मी गप्प. कारण दुकानात मीच दोन्ही म्हणतो. आतल्या प्लेटा लेडच्या, आणि बंद पडलेल्या गाडीला दुसऱ्या बॅटरीवरून करंट द्यायची वायर ती जंप लीड. निकालाच्या दिवशी "आपल्या गावानं किती लीड दिला?" हे तर सगळेच विचारतेत. इतक्या वर्षांत स्पेलिंग एकच आहे हे ध्यानातच आलं नव्हतं.

तर हा एक शब्द की दोन? आणि दुसरं, पोरीनं इंग्रजीच्या पेपरात 'कॅप्टननं संघाचं नेतृत्व केलं' याला एल-ई-ए-डी लिहिलं, तर गुण कापला. भूतकाळात उच्चार लेडच होतो ना, मग चुकलं कुठं?

गोदाकाठ (नांदेड):
दादा, धातूचं तुमचं बरोबर आहे. हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक. पुढं असणं, नेणं, आघाडी, मुख्य भूमिका, वायर, कुत्र्याचा पट्टा, सगळीकडं लीड. शिसं असेल तर लेड. जुन्या इंग्रजीत दोन्हींचा स्वर लांबच होता. पुढं धातूचा आखूड झाला, जसा हेड, ब्रेड, डेड यांचा झाला, पण 'ई-ए' लिहायचं राहिलंच.

पोरीला सांगा, वाचताना त्या जागी 'शिसं' ठेवून बघ. बसलं तर लेड. शिसपेन्सिलीतलंही लेडच, जरी आत शिसं नसून ग्राफाइट म्हणजे कार्बन असतो. आधी लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटला, आणि ती चूक इंग्रजीत राहिली तशी आपल्या 'शिसपेन्सिली'तही राहिली! शिशाचा अणुक्रमांक ८२ आणि संज्ञा 'पीबी' तिला येत असेलच. ती लॅटिन 'प्लंबम'वरून आलीय, नळवाला प्लंबरही त्यातलाच.

गुण मात्र बरोबर कापलाय. लीडचा भूतकाळ एल-ई-डी, मधे 'ए' नाही. पोरांना 'रीड' फसवतो. त्याचा भूतकाळ 'रेड' म्हणायचा, पण स्पेलिंग हलत नाही. लीडचं तसं नाही.

खिळेजुळारी (छत्रपती संभाजीनगर):
आमच्या छापखान्यात दोन्ही शब्द एकाच टेबलावर असायचे. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, शिसं, अँटिमनी आणि कथील मिळून ओतलेले. दोन ओळींत जागा सोडायला शिशाची पातळ पट्टी घालायची, तिला लेड म्हणायचं. आणि पहिल्या पानाची मोठी बातमी ती लीड. लीड ठरेपर्यंत लेड हातात धरून ताटकळायचं. आता कॉम्प्युटरवर ओळींच्या अंतराला 'लेडिंग' म्हणतात, ते त्या पट्टीवरूनच. नवी पोरं सर्रास 'लीडिंग' म्हणतात. एकदा दुरुस्त केलं, तर माझ्याकडंच बघायला लागली.

बालाघाटी:
इंग्रजीच येडी भाषा आहे. लिहायचं एक, बोलायचं एक.

गोदाकाठ:
भाऊ, "चार शेळ्या चार" मोठ्यानं वाचा बरं. पहिला 'च' चिमणीचा, दुसरा चाऱ्याचा. लिहिताना काही फरक दिसतो का?

बालाघाटी:
वाचलं. बायको बघायली, कुणाला शेळ्या चारायला लावताय म्हणून.

धागाकर्ता:
ताई, लई आभार. पोरीला दाखवलं. गुणाचं पटलं, पण सरांना कसं सांगावं याचं तिला टेन्शन आलंय. मी म्हणलं, उलट सांगायचं नाही, नुसतं विचारायचं, "सर, ब्रेडसारखं लेड का हो?"

आता आमचं एक गिऱ्हाईक राहिलं. ते एलईडी बल्बला 'लेड बल्ब' म्हणतंय. त्यात शिशाचा काही संबंध नाही, सुटी तीन अक्षरं आहेत, हे मला आता कळायलंय. पण त्याची माझ्याकडं दोन महिन्यांची उधारी आहे, ती आल्यावर बघू.