पदवीधरांची यादी दर निवडणुकीला कोरी होते

वर एकांनी लिहिलंय की विधान परिषद म्हणजे पडलेल्यांची सोय, बंदच करा. मला हे अजिबात पटत नाही. रोजगार हमी योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते.

78 जागांचा हिशेब बघा: 30 आमदार निवडतात, 22 स्थानिक संस्थांचे सदस्य, 12 राज्यपाल नेमतात. उरल्या 14, त्यातल्या 7 पदवीधर मतदार निवडतात आणि 7 शिक्षक मतदार. खरा जीव या चौदांत आहे, आणि तिथंच आपण नागपूरकर ढिले पडतो. नितीन गडकरी 1989 पासून 2014 पर्यंत नागपूर पदवीधर मतदारसंघातून परिषदेत होते. 2020 मध्ये अभिजित वंजारी निवडून आले. तरी नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत सहा जिल्ह्यांतल्या कितीतरी पदवीधरांना मतदारयादी दर निवडणुकीला नव्यानं बनते हेच माहीत नसतं. मागच्या वेळी मत दिलं म्हणून नाव आपोआप राहत नाही. नमुना 18 हा नावनोंदणीचा अर्ज पुन्हा भरायचा, सोबत पदवी किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत. पदवीला 1 नोव्हेंबरपूर्वी 3 वर्षं झालेली हवीत. मतपत्रिकेवर केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केच पेननंच पसंतीचा 1, 2 आकडा लिहायचा. आपल्या खिशातलं पेन वापरलं की मत बाद!

प्राथमिक शिक्षकांना शिक्षक मतदारसंघात मत नाही, ही मात्र मला उघड अन्यायाची गोष्ट वाटते. हिवाळी अधिवेशनात आमदार आपल्याच गावात असतात, तेव्हा हे त्यांच्यापुढं मांडायलाच हवं.