रेसिंगच्या मॉडेल विमानाला राईट थ्रस्ट (म्हणजे इंजिनाला उजवीकडे कल) किती द्यायचा? मदत हवी आहे

राम राम मंडळी, मी चोपड्याकडचा. क्विकी ५०० (मॉडेल शर्यतींचा एक वर्ग) टाईपचं रिमोटवरचं रेसर आहे, ६.५ सीसीचं ग्लो इंजिन, ९ इंची प्रॉपेलर, इंजिन फायरवॉलवर (नाकातल्या पुढच्या भिंतीवर) एकदम सरळ म्हणजे ० अंशात बसवलंय. पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या शेतात उडवतो, जागा भरपूर आहे.

अडचण अशी की फुल थ्रॉटलला नाक डावीकडे ओढतं. रडरला (शेपटीच्या उभ्या पात्याला) उजवा ट्रिम म्हणजे कायमचा थोडा कल दिला की सरळ जातं, पण मग लँडिंगला थ्रॉटल बंद केला की विमान उजवीकडे वळायला लागतं, आणि उभं वर खेचलं तर स्पीड उतरता उतरता परत डावीकडे झुकतं. म्हणजे ट्रिमचा जोर स्पीडवर आणि ओढ इंजिनाच्या पॉवरवर, दोघांचा मेळ बसतच नाही. म्हणून इंजिनालाच उजवीकडे तिरकं करायचं ठरवलंय.

इथले एक भाऊ म्हणतात पायलॉन रेसमध्ये (खांबांना वळसे घालायच्या शर्यतीत) सगळी वळणं डावीकडेच असतात तर ओढ राहू दे, फायदाच होईल. मला हे अजिबात पटत नाही. वळणात विमान जवळपास ९० अंश कलंडलेलं असतं, वळवायचं काम एलिव्हेटर (शेपटीचं आडवं पातं) करतो, आणि तेव्हा डावीकडची ओढ म्हणजे सरळ जमिनीकडची ओढ! एवढ्या स्पीडला अन् एवढ्या कमी उंचीवर ते परवडणारं नाही.

माझ्या माउंटचे (इंजिन धरणाऱ्या बैठकीचे) बोल्ट आडवे ४० मिमी अंतरावर आहेत, म्हणजे डाव्या बाजूला ०.७ मिमी उचललं की १ अंश, १.४ मिमीला २ अंश. पण स्पिनर (प्रॉपेलरच्या मधली टोपी) फायरवॉलपासून १०० मिमी पुढे असल्याने २ अंशाला तो साडेतीन मिमी उजवीकडे सरकतो. तर मग माउंटच तेवढा डावीकडे घेऊन नवीन भोकं पाडायची का? अन् रेसरला १ अंश पुरतो की २ लागतात? डाऊन थ्रस्टला (इंजिनाच्या खालच्या कलाला) सध्या हात लावत नाहीये, थ्रॉटल दिल्यावर नाक वर जात नाही.

---

भो, आधी इंजिनासकट विमान नाक अन् शेपटीला धरून पंख एका बाजूला कलतात का ते बघ, एक पंख जड असला तरी उभं खेचताना असंच वाकडं जातं. ते ठीक असेल तर १ अंशापासूनच सुरू कर, रडरचा ट्रिम शून्यावर आणून. नुसते वॉशर घालू नको, माउंट मधे अधांतरी राहतो अन् ग्लोच्या व्हायब्रेशनने बोल्ट ढिले होतात, पूर्ण माउंटखाली बसेल अशी प्लायची पाचर घासून बनव. मोजायला प्रॉप आडवा करून एकच टोक आधी डावीकडे मग उजवीकडे आणायचं आणि दोन्हीवेळा तिथून रडरच्या बिजागरीपर्यंत दोरा ताणायचा, ९ इंची प्रॉपला १ अंशाला डावीकडचं माप साधारण ४ मिमी जास्त भरतं. भोकं शेवटी पाड, अंश पक्का झाल्यावर.

---

धन्यवाद भाऊ, दोऱ्याचं डोक्यातच नव्हतं. पाचर घासल्यावर तिला इंधन लागून फुगणार नाही ना? वरून पातळ एपॉक्सी मारलं तर चालेल का?