मदत हवी आहे: छापील टी-शर्टसाठी साइज आणि कापड कसं ठरवू?

मंडळी, ट्रेकिंग ग्रुपसाठी नाव छापलेले टी-शर्ट करायचेत. नुसतं एम की एल विचारून भागत नाही, प्रत्येक कंपनीचा एल वेगळा! म्हणून सगळ्यांना नीट बसणारा एखादा टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजायला सांगितलंय. त्याची दुप्पट म्हणजे त्या टी-शर्टचा छातीचा घेर. पण कॉटन धुतल्यावर आटतं. मग एक साइज मोठी घ्यावी की प्रीश्रंक (आधीच आटवून घेतलेल्या) कापडावर भरवसा ठेवावा?

१६० जीएसएमचं (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) कापड पातळ वाटतं, २२० घामात नकोसं. १८० कुणी वापरलंय का? सब्लिमेशन (उष्णतेने रंग धाग्यात मुरवणारी छपाई) पॉलिस्टरवर छान उठतं, तरी पूर्ण पॉलिस्टर नकोच. गडद रंगावर स्क्रीन प्रिंट (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) जास्त टिकते की डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवलेली)? भेगा पडलेली अक्षरं बघवत नाहीत हो.