सोयापेंडीच्या जागी सरकी पेंड नको
लाव्यांच्या (बटेर पक्ष्यांच्या) खाद्यात मक्याऐवजी बाजरी चालते, हे काही जणांचं मत पटलं, पण सोयापेंड महागली म्हणून त्यांना सरळ सरकी पेंड द्या, हा त्यांचा सल्ला धोक्याचा आहे. सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य लायसिन (प्रथिनांतला वाढीला लागणारा एक घटक) बांधून ठेवतं, मग ते पक्ष्याला मिळत नाही. जपानी लाव्याच्या पिल्लांना सुरुवातीला खाद्यात सुमारे 24 टक्के प्रथिनं लागतात. त्यात लायसिन कमी पडलं की वाढ खुंटतेच. मी अंड्यावरच्या माद्यांना सरकी देऊन पाहिली होती. अंडी ताजी असताना काहीच कळलं नाही, साठवल्यावर मात्र बलक हिरवट-तपकिरी पडला आणि गिऱ्हाईकानं अख्खा माल परत केला. फार वाईट वाटलं.

बाजरीनं बलक फिका होतो, कारण मक्यातला पिवळा रंग तिच्यात फारसा नसतो. मी शेवग्याच्या वाळलेल्या पाल्याची थोडी पूड मिसळतो, रंग येतो. पिल्लांना बाजरी भरडूनच द्या.